‘साहेब’, ‘दादा’ आणि ‘ह्यंग’ : कोरियन दूरचित्रवाणी-नाट्यांचा जगभर प्रसार आणि संबोधनांच्या अनुवादाचा प्रश्न

१

जुन्नर तालुक्याच्या पूर्व टोकास, आळेफाट्याहून अहिल्यानगरकडे जाणारा रस्ता घाट चढून ज्या पठारावर येतो, तेथे आणे हे गाव वसले आहे. रंगदास स्वामींच्या यात्रेतील आमटी-भाकरीच्या महाप्रसादामुळे या गावाचे नाव पंचक्रोशीबाहेरही परिचित आहे. अशा पंगतीत शेजारी बसणारी माणसे पुष्कळदा एकमेकांना अनोळखी असतात. तरीही त्यांचे व्यवहार नावावाचून अडत नाहीत. आमटी वाढणारा तरुण ‘दादा’ होतो, वयस्क गृहस्थ ‘मामा’ किंवा ‘तात्या’ होतो, भाकरी पुढे करणारी प्रौढ स्त्री ‘मावशी’ होते. मराठी भाषकाला यात काही विशेष वाटत नाही. सोल शहरातील साध्या खाणावळीत जेवावयास बसलेला गिऱ्हाईकही वाढणाऱ्या प्रौढ स्त्रीला ‘इमो’ अशी हाक मारतो. आणि ‘इमो’ या कोरियन शब्दाचा मूळ अर्थ आईची बहीण, म्हणजे मावशी, असाच आहे.

मराठी आणि कोरियन या भाषांचा कुलसंबंध नाही. मराठी ही भारतीय-आर्य शाखेतील भाषा. कोरियनचे नाते जगातील कोणत्याही मोठ्या भाषाकुलाशी निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही. वरील साम्य शब्दांच्या व्युत्पत्तीतले नसून समाजव्यवहारातले आहे. समोरच्या माणसाशी आपले नाते काय हे ठरविल्याखेरीज या दोन्ही भाषांत साधे वाक्यही सहजी पुरे करता येत नाही. कोरियन दूरचित्रवाणी-नाट्यांना गेल्या तीन दशकांत जी लोकप्रियता लाभली, तिचा विचार सामान्यतः अर्थकारणाच्या व प्रसारमाध्यमांच्या अंगाने केला जातो. प्रस्तुत लेखात तो भाषेच्या अंगाने करावयाचा आहे. ज्या सामग्रीवर या नाट्यांची उभारणी झाली आहे ती अनुवादात कितपत टिकते, आणि मराठी भाषा ती किती पेलू शकेल, हा येथील मुख्य प्रश्न होय.

२

प्रथम या प्रसाराचा इतिहास थोडक्यात पाहणे इष्ट आहे. दक्षिण कोरियात ‘केबीएस’ या सार्वजनिक संस्थेचे दूरचित्रवाणी-प्रक्षेपण १९६१ साली सुरू झाले. परदेशातील प्रसाराची पहिली ठळक खूण म्हणजे १९९७ साली चीनच्या मध्यवर्ती वाहिनीने दाखविलेली ‘प्रेम म्हणजे काय’ या अर्थाच्या नावाची कौटुंबिक मालिका. त्यानंतर लवकरच चिनी भाषिक वृत्तपत्रांत ‘कोरियन लाट’ या अर्थाचा शब्द रूढ झाला व तोच पुढे ‘हाल्यू’ या कोरियन उच्चाराने सर्वत्र पोहोचला. २००२ साली निर्माण झालेली ‘विंटर सोनाटा’ २००३ मध्ये जपानच्या ‘एनएचके’ने दाखविली आणि ती तेथील प्रौढ स्त्रीवर्गात विलक्षण प्रिय झाली. राजवाड्याच्या पाकशाळेतील सेविका पुढे राजवैद्य होते, ही कथा सांगणारी ‘दे जांग गम’ (२००३-०४) ही चोपन्न भागांची मालिका तर चीन, जपान, इराण अशा परस्परांहून अगदी भिन्न समाजांत पाहिली गेली. भारतात ती २००६ साली दूरदर्शनवर ‘घर का चिराग’ या नावाने हिंदीतून आली.

भारतापुरते बोलावयाचे तर ईशान्येचा अनुभव याहून आधीचा आहे. मणिपुरात २००० साली एका सशस्त्र संघटनेने हिंदी चित्रपटांवर बंदी घातली. त्यामुळे झालेली पोकळी ‘आरिरांग’ या कोरियन वाहिनीने व कोरियन चित्रफितींनी भरून काढली. तेथील प्रेक्षक कोरियन जाणत नव्हता. तो इंग्रजी उपशीर्षके, म्हणजे पडद्याच्या तळाशी येणाऱ्या अनुवादाच्या ओळी, वाचीत होता. पुढे आंतरजालावरील प्रक्षेपणाने भूगोलाची अडचण जवळजवळ नाहीशी केली. २००७ साली सुरू झालेल्या ‘विकी’ या संकेतस्थळावर निरनिराळ्या देशांतील हौशी स्वयंसेवक या मालिकांना आपापल्या भाषांतील उपशीर्षके जोडू लागले. ‘नेटफ्लिक्स’ने २०१६ मध्ये कोरियात प्रवेश केला, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये प्रसृत झालेल्या ‘स्क्विड गेम’ या नऊ भागांच्या मालिकेने तर इंग्रजीभाषक प्रेक्षकालाही उपशीर्षके वाचावयास लावले. २०२२ साली या मालिकेचे दिग्दर्शक ह्वांग दोंग-ह्यक आणि प्रमुख नट ली जंग-जे यांना अमेरिकेचे एमी पारितोषिक मिळाले.

या यशाची जी कारणे सांगितली जातात ती योग्यच आहेत. आरंभी या मालिका शेजारच्या देशांना जपानी मालिकांपेक्षा स्वस्त मिळत. १९९७ च्या आर्थिक संकटानंतर कोरियन शासनाने सांस्कृतिक निर्यातीला जाणीवपूर्वक उत्तेजन दिले. रचनेच्या दृष्टीनेही त्यांत एक बंदिस्तपणा आहे. प्रचलित प्रकार सोळा ते वीस भागांचा. लेखन बहुधा एकाच हाताचे. कथेला आरंभ, मध्य आणि शेवट असतो. मराठीत ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका २००१ ते २०१३ अशी चालली व तिचे भाग तीन हजारांहून अधिक झाले, हे ध्यानात घेतले म्हणजे हा फरक किती मोठा आहे हे सहज कळते. परंतु स्वस्ताई, शासकीय उत्तेजन व आटोपशीर रचना ही वस्तू दुसऱ्याच्या दारापर्यंत कशी पोहोचली याची कारणे आहेत. दार उघडल्यावर प्रेक्षक तिच्यात गुंतून का पडला याचे उत्तर नाट्यातच शोधावे लागेल.

३

रॉजर ब्राउन आणि आल्बर्ट गिलमन यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात युरोपीय भाषांतील द्वितीयपुरुषी सर्वनामांची व्यवस्था ‘सत्ता’ आणि ‘जवळीक’ या दोन तत्त्वांच्या आधारे उलगडून दाखविली. मराठीतील ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ यांनाही ही मांडणी पुष्कळ अंशी लागू पडते. कोरियनमध्ये मात्र हा भार सर्वनामांवर फारसा नसून क्रियापदावर आहे. वाक्यातील कर्त्याविषयी आदर दाखवावयाचा तर क्रियापदात एक प्रत्यय मध्ये येतो. आणि ऐकणाऱ्याविषयीचा भाव क्रियापदाच्या अंत्य रूपातून व्यक्त होतो. परंपरेने अशा अंत्य रूपांच्या सहा पायऱ्या मानल्या जातात. ‘पाऊस येतो’ एवढेच सांगावयाचे असले तरी मित्राला ‘बीगा वा’, परिचित वडीलधाऱ्याला ‘बीगा वायो’, सभेत वा वरिष्ठापुढे ‘बीगा ओम्निदा’ अशी निरनिराळी रूपे योजावी लागतात. येथे कर्ता पाऊस आहे, त्याला मान देण्याचा प्रश्नच नाही. रूप बदलते ते ऐकणारा कोण आहे यावरून.

इंग्रजीला ही गोष्ट वाक्याच्या अंगभूत रचनेत दाखविता येत नाही. मराठीला ती येते, आणि याकडे मराठी व्याकरणकारांनी द्यावे तितके लक्ष दिलेले नाही. ‘पाऊस आला रे’, ‘पाऊस आला गं’, ‘पाऊस आला हो’ या तीन वाक्यांतही कर्ता पाऊसच आहे. तरी ‘रे’, ‘गं’, ‘हो’ या एकाक्षरी अव्ययांनी ऐकणाऱ्याचे लिंग, वय आणि बोलणाऱ्याशी असलेले अंतर सुचविले जाते. कोरियन क्रियारूपांप्रमाणे ही अव्यये अनिवार्य नाहीत, हा भेद खरा. पण काम एकाच जातीचे आहे.

साम्य इतक्यावरच थांबत नाही. या भिन्न बोलण्यांना नावे देण्याची आणि त्यांवरून भांडण्याची प्रथाही दोन्ही समाजांत आहे. कोरियनमध्ये आदरार्थी बोलण्याला ‘जोन्देन्माल’ आणि सलगीच्या बोलण्याला ‘बानमाल’, शब्दशः ‘अर्धे बोलणे’, म्हणतात. मराठीत ‘अहो-जाहो करणे’ आणि ‘अरे-तुरे करणे’ हे अगदी नेमके प्रतिशब्द आहेत. कोरियन नाट्यात दोन व्यक्ती ‘आता बानमाल बोलू या’ असे ठरवितात तो प्रसंग कथानकाचे वळण असतो; मराठीत ‘मला अहो-जाहो नको’ असे म्हणणे हेही मैत्रीचे किंवा प्रेमाचे पहिले पाऊल ठरते. उलट, भांडणात एकाने अकस्मात बानमाल वापरले की दुसरा मूळ मुद्दा सोडून त्यावरच उसळतो. ‘अरे-तुरे कोणाला करतोस?’ हे वाक्य ज्याने बाजारात किंवा एसटीच्या गर्दीत ऐकले असेल, त्याला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही.

कोरियन दूरचित्रवाणी-नाट्याची शक्ती पुष्कळ अंशी येथे आहे. श्रीमंत घराण्याचा वारस आणि सामान्य नोकरदार मुलगी, सासू आणि सून, वरिष्ठ आणि कनिष्ठ यांच्यातील अंतर तेथे संवादाच्या आशयाइतकेच क्रियापदाच्या रूपातून दिसते. आणि ते अंतर कमी झाल्याची बातमी प्रेक्षकाला पात्रांच्या कबुलीआधी त्यांच्या व्याकरणातून लागते.

४

ही सूक्ष्मता अनुवादात कशी हरवते याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण ‘स्क्विड गेम’मध्येच मिळते. या मालिकेत अली नावाचा पाकिस्तानी स्थलांतरित कामगार आहे. त्याची भूमिका अनुपम त्रिपाठी या भारतीय नटाने केली आहे. अली हा सांग-ऊ नावाच्या सुशिक्षित कोरियन माणसाला ‘साजांगनिम’ म्हणून हाक मारतो. या शब्दाचा अर्थ कंपनीचा मालक. परदेशी मजूर कोरियात ज्याच्या हाताखाली काम करतो त्याला याच शब्दाने संबोधतो. म्हणजे अलीच्या तोंडी तो जवळजवळ ‘साहेब’ या अर्थी येतो. पुढे सांग-ऊ त्याला सांगतो की मला साजांगनिम म्हणू नको, ‘ह्यंग’ म्हण. ‘ह्यंग’ म्हणजे पुरुषाने आपल्या थोरल्या भावाला मारावयाची हाक. मजुराला त्या एका शब्दाने भाऊपण मिळते. सहाव्या भागात गोट्यांच्या खेळात हाच ‘ह्यंग’ अलीला फसवितो, आणि अलीचा मृत्यू ओढवतो. विश्वासघाताची सारी दाहकता त्या संबोधनात साठविलेली आहे.

इंग्रजी उपशीर्षकात ‘ह्यंग’च्या जागी ‘सांग-ऊ’ हे नाव आले. ‘मला नावाने हाक मार’ हा समतेचा प्रस्ताव झाला. नात्याचा झाला नाही. ज्या समाजात थोरल्याला नावाने हाक मारणे हाच उद्धटपणा, त्या समाजातील प्रसंगाचा अर्थ यामुळे जवळपास उलटा होतो. याच मालिकेत एक स्त्री एका गुंडाला लाडीगोडीने ‘ओप्पा’ म्हणते. त्याचाही इंग्रजी अनुवाद एका ठिकाणी ‘म्हातारबुवा’ या अर्थाच्या, तर दुसरीकडे ‘लाडक्या’ या अर्थाच्या शब्दाने झाला. या अनुवादांवर त्या काळी जाहीर टीका झाली. अनुवादकाला सर्वस्वी दोष देणे मात्र न्याय्य नव्हे. उपशीर्षकाला दोन ओळींची आणि काही सेकंदांची मर्यादा असते. शिवाय इंग्रजीत थोरल्या भावाला हाक मारण्याचा जिवंत शब्दच नाही.

मराठीत ही अडचण उरत नाही. ‘मला साहेब म्हणू नकोस, दादा म्हण’ या वाक्यात तो प्रसंग पूर्णपणे उतरतो, आणि दोन ओळींची मर्यादाही पाळली जाते. पण येथे अनुवादाच्या व्यवहारातील एक गोष्ट आडवी येते. जगातील अनेक भाषांतील उपशीर्षके मूळ कोरियनवरून न करता तयार इंग्रजी साच्यावरून केली जातात. इंग्रजीने जे गाळले ते अशा अनुवादकाला दिसतच नाही. त्याच्यापुढे ‘सांग-ऊ’ एवढेच असते. म्हणजे ज्या भाषेत नात्याची ही व्यवस्था नाही तिच्यामार्फत ती व्यवस्था असलेल्या दोन भाषा एकमेकींना भेटतात, आणि भेटताना मुके राहतात. मराठी प्रेक्षकाची स्थिती याहून एक पायरी खालची आहे. ‘स्क्विड गेम’चे ध्वनिरूपांतर हिंदी, तमिळ व तेलुगू या भाषांत झाले, मराठीत झाले नाही. आणे पठारावरील प्रेक्षक आपल्या भ्रमणध्वनीवर ही मालिका पाहतो ती इंग्रजी ओळींच्या किंवा हिंदी आवाजाच्या आधारे.

५

मराठी सर्वत्र पुरी पडेल असे मात्र नव्हे. ‘ओप्पा’ हेच उदाहरण घ्यावे. कोरियनमध्ये थोरल्या भावंडांसाठी चार संबोधने आहेत, आणि ती बोलणाऱ्याच्या लिंगावरूनही ठरतात. पुरुषाचा थोरला भाऊ ‘ह्यंग’, स्त्रीचा ‘ओप्पा’. पुरुषाची थोरली बहीण ‘नूना’, स्त्रीची ‘ऑन्नी’. मराठीत ‘दादा’ आणि ‘ताई’ एवढीच विभागणी पुरते. त्यातही ‘ओप्पा’ हा शब्द तरुणी आपल्या प्रियकरालाही लावते. मराठीत ‘दादा’ हा शब्द उच्चारताच प्रेमाची शक्यता संपते. भाऊबीज आणि राखीपौर्णिमा पाळणाऱ्या समाजात ते अपरिहार्यच आहे. त्यामुळे ‘ओप्पा’चा अनुवाद ‘दादा’ करणे हास्यास्पद होईल. तो शब्द तसाच ठेवावा लागेल. ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशाने सप्टेंबर २०२१ मध्ये ‘ओप्पा’, ‘नूना’ आणि ‘ऑन्नी’ हे शब्द स्वीकारले, आणि ‘ह्यंग’ही त्यानंतरच्या भरतीत आला. इंग्रजीनेही अखेर हाच मार्ग पत्करला, असे यावरून म्हणावयास हरकत नाही.

पतीला उद्देशून येणाऱ्या ‘यॉबो’ या संबोधनाची गोष्ट याच्या उलट आहे. तो शब्द ‘इकडे पाहा’ या अर्थाच्या शब्दसमूहापासून आला असे सामान्यतः मानतात. पतीचे नाव न घेणाऱ्या मराठी स्त्रीचे ‘अहो’ हेही लक्ष वेधणारे अव्ययच. फरक इतकाच की ‘यॉबो’ पतीही पत्नीला म्हणतो. जुन्या वळणाच्या मराठी घरात पती पत्नीला ‘अगं’ म्हणतो, आणि ही असमानता मराठी अनुवादकाला नको तेथे मूळ संवादात घुसडण्याचा धोका आहे.

सासरच्या नात्यांत हा धोका आणखी वाढतो. कोरियन सून सासूला ‘ऑमॉनिम’ आणि सासऱ्याला ‘आबॉनिम’ म्हणते. हे आई व वडील यांसाठीचे आदरार्थी शब्द होत. पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात सून सासूला ‘आत्या’ आणि सासऱ्याला ‘मामा’ म्हणते, ते आते-मामे भावंडांच्या विवाहप्रथेमुळे. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय आप्तसंघटनेवरील ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर व दक्षिण यांच्या सीमेवर ठेवले, त्यामागे अशाच प्रथांचे निरीक्षण होते. कोरियात जवळच्या आप्तांतील विवाह कायद्यानेच निषिद्ध असल्यामुळे तेथे ‘आत्या’ हा अनुवाद बोलीच्या दृष्टीने गोड, पण समाजशास्त्राच्या दृष्टीने चुकीचा ठरेल. ऐतिहासिक मालिकांत तर कानाचीच फसगत होते. तेथे राणीला उद्देशून ‘मामा’ हा शब्द येतो. तो राजकुलाचा सन्मानवाचक शब्द असून मराठी मामाशी त्याचा काही संबंध नाही.

तेव्हा साम्याने हुरळून जाऊन शब्दाला शब्द ठेवणे हे अनुवादकाचे काम नव्हे. ‘दादा’ कोठे चालतो आणि कोठे अजिबात चालत नाही, हे मूळ भाषा जाणणाऱ्यालाच ठरविता येईल.

६

आण्याहून पश्चिमेस घाट उतरून आळेफाटा ओलांडला की दक्षिणेकडे नारायणगाव लागते. विठाबाई नारायणगावकरांचे हे गाव तमाशाची पंढरी मानले जाते. यात्रांचा हंगाम आला की फडांच्या राहुट्या येथे लागतात आणि गावोगावचे पुढारी सुपारी देण्यास येतात. या रंगभूमीचे हास्य आणि तिची धार फार मोठ्या प्रमाणात संबोधनांवर उभी आहे. वगातील राजा ठेवणीतल्या भाषेत ‘प्रधानजी’ म्हणतो आणि सोंगाड्या त्याच राजाला गावठी सलगीने बोलतो. प्रेक्षक हसतो तो त्या उतरलेल्या पायरीला. गौळणीतील एका पात्राला तर ‘मावशी’ हेच नाव पडले आहे. तात्पर्य, या भागातील प्रेक्षकाचा कान क्रियापदाच्या शेवटातून माणसाची पायरी ओळखण्यास पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेला आहे. कोरियन नाट्याला जगात याहून जाणता प्रेक्षक क्वचितच मिळेल.

हा कान आणि ते नाट्य यांच्यामध्ये जो दुवा हवा तो मात्र अद्याप तयार झालेला नाही. कोरियाने आपल्या वाङ्मयाच्या अनुवादासाठी स्वतंत्र शासकीय संस्था उभारली आहे, आणि तिच्या प्रबोधिनीत चित्रपटांच्या अनुवादाचेही शिक्षण दिले जाते. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तिच्या प्राचीनतेसाठी ज्या नाणेघाटाच्या प्राकृत लेखाचा दाखला नेहमी दिला जातो तो याच जुन्नर तालुक्यात आहे. भाषेचे वय सिद्ध करण्यासाठी जेवढे श्रम झाले तेवढे तिच्याकडून आजची कामे करवून घेण्यासाठी झालेले दिसत नाहीत.

काम आटोक्याबाहेरचे नाही. पुणे जिल्ह्यातच, रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत, एलजी या कोरियन कंपनीचा कारखाना आहे. दोन्ही भाषांच्या प्रत्यक्ष संपर्काची अशी ठिकाणे हाताशी आहेत. एखाद्या मालिकेच्या एका भागातील सर्व संबोधने व क्रियारूपे मूळ कोरियनवरून टिपावीत. इंग्रजी आणि हिंदी अनुवादांत त्यांचे काय झाले ते शेजारी मांडावे. आणि जुन्नर-आंबेगाव भागातील बोलीत त्या त्या नात्याला, त्या त्या प्रसंगी कोणते संबोधन येईल ते प्रत्यक्ष भाषकांना विचारून नोंदवावे. पदव्युत्तर विद्यार्थ्याला एका वर्षात पुरे करता येईल असा हा प्रबंधविषय आहे. त्यातून मराठी उपशीर्षकांसाठी एक विश्वसनीय कोश तर मिळेलच. शिवाय ‘रे’, ‘गं’, ‘हो’ या अव्ययांचे कार्य, जे व्याकरणांत एखाद्या ओळीत उरकले जाते, तेही प्रथमच नीट तपासले जाईल. असा कोश हाती असलेला अनुवादक अलीच्या प्रसंगापाशी आला म्हणजे इंग्रजी साच्यातील नाव बाजूला सारून तेथे ‘दादा’ लिहू शकेल.